तेरा अंशांवरची तुतारी

नगरगृहातल्या त्या तीन मजली ऑर्गनमध्ये सहा हजारांवर नळ्या होत्या, पण आज सकाळी मेरिनला छळत होती एकच रांग: तुतारीची, म्हणजे तुतारीसारखा आवाज काढणाऱ्या नळ्यांची.

"चढी लागतेय," इर्मा फिट्झनर वाजवायचं थांबून म्हणाली. चाळीस वर्षं हा ऑर्गन तीच वाजवत आली होती. "तीन तास आहेत तुझ्याकडे. उतरव."

मेरिनने तापमापक पाहिला. तेरा अंश. दक्षिण गोलार्धातली जुलैची थंडी, हीटर बाराला सुरू होणार, एक वाजता आठशे माणसं आत येणार.

पहिल्या रांगेत अल्बी नॅनकिव्हेल चहा पीत बसला होता. ऑर्गन सुरात लावायचं काम तो आज सोडणार होता. ते मेरिनला द्यायचं की बाहेरून कुणी आणायचं, हे आजच्या वादनावरून तोच ठरवणार होता.

"अल्बी, तू तरी सांग हिला," इर्मा म्हणाली.

"मी आज पाहुणा आहे."

मेरिन शिडीवरून आत चढली. प्रत्येक तुतारीत पितळेची जीभ असते आणि तिला दाबून धरणारी तार. तार जरा वर सरकवली की सूर उतरतो. तिने पहिल्या तारेला हत्यार लावलं आणि थबकली. पितळेला गारठ्याचं फारसं सोयरसुतक नसतं. साध्या नळ्यांचा सूर मात्र आतल्या हवेवर ठरतो. हवा गार, की सूर खाली. म्हणजे तुतारी चढली नव्हतीच. बाकीचा अख्खा ऑर्गन उतरला होता.

ऑर्गन सुरात लावलेला होता वीस अंशांवर. सात अंश वाढले तर? तिने मनात आकडेमोड केली आणि खाली उतरली.

"झालं?" इर्माने विचारलं.

"काही केलं नाही. एक वाजता लागेल आपोआप."

"आणि नाही लागली तर?"

"तर माझ्या नावाने शंख करा. तुतारी आहेच तुमच्या हाताशी."

अल्बीने कपातला उरलेला चहा संपवला.

एक वाजता सभागृह भरलं. ओले कोट, गरम श्वास. अठरा अंश, एकोणीस, वीस. इर्माने तुतारीची रांग सुरू करणारी खुंटी ओढली. मेरिनने कान टवकारले. सुरांत कुठे डगमग नव्हती. तुतारी बाकीच्या नळ्यांत मिसळून गेली होती.

वादन संपल्यावर तिने अल्बीला हलवून जागं केलं.

"कसं झालं?"

"एखादी जरी नळी खटकली असती ना, तर डोळा लागला नसता," तो म्हणाला. "सोमवारपासून तू एकटीच ये. आत फार गारठा असतो, स्वेटर घालून ये."