मार्तंडरावांचं सोवळं

ज्या मार्तंडरावांनी जन्मभर सोवळ्याओवळ्याची टिंगल केली, ते साठाव्या वर्षी सकाळ-संध्याकाळ कमरेला रेशमी मुकटा नेसून उघड्या अंगाने ओटीवर बसू लागले. सन छप्पन्नच्या थंडीत ही बातमी अंधेरीच्या त्यांच्या गल्लीत पसरायला एक दिवस पुरला. लोक म्हणाले, पेन्शन सुरू झाली की देव आठवतो. खरी गोष्ट त्यांच्या बायकोला, वसुधाबाईंना तेवढी ठाऊक होती, आणि त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या.

भानगड नागिणीची होती. गणपतीच्या सुमारास मार्तंडरावांच्या उजव्या बरगडीवर नागीण उठली, पंधरा दिवसांत सुकली, खपल्या पडल्या. पण जाताना आग मागे ठेवून गेली. वरून कातडी धडधाकट, आत निखारा. मलमलचा सदरा घातला तरी काथ्याने घासल्यागत व्हायचं. पंख्याचा वारा लागला की कळ थेट मस्तकात जायची. डॉक्टर म्हणाले, मज्जातंतू दुखावलेत, निवतील तेव्हा निवतील.

पण न दिसणाऱ्या दुखण्याला विचारतो कोण? मार्तंडराव कळवळून सांगायचे आणि ऐकणारा बरगडी निरखून म्हणायचा, इथे तर काहीच नाही. वर खात्री करायला बोट लावायचा. शेजारचे नंदकिशोर तर धीर द्यायला पाठीवर थाप मारत. तो धीर पचवायला मार्तंडरावांना अर्धा तास लागे.

तुळशीच्या लग्नाला, अंगात सदरा नको म्हणून, ते मुकटा नेसून पूजेला बसले आणि नवल घडलं. नंदकिशोर थाप मारायला हात उचलून आले, दोन हातांवर थबकले, आणि "अरेच्चा, सोवळ्यात आहात होय," म्हणत मागे सरले. अख्खी संध्याकाळ मार्तंडरावांना कोणी शिवलं नाही. दुखण्याला कुत्रं विचारत नाही आणि सोवळ्यापुढे गल्ली वाकते, हे त्यांनी त्या दिवशी ओळखलं. मुकटा त्यांनी सोडलाच नाही.

सोंग वठलं. लोक लांबून नमस्कार करू लागले, मुहूर्त विचारायला येऊ लागले. मार्तंडरावांना पंचांगातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मान डोलवणं त्यांना झकास जमत होतं. मासळी तेवढी बंद करावी लागली. सोवळेकऱ्याच्या घरातून तळलेल्या बोंबलांचा वास यायला लागला तर लोक काय म्हणतील? वसुधाबाई त्यांच्या पानात दुधी वाढत आणि तपश्चर्या चांगली चाललीय म्हणत.

या गमतीत मार्तंडराव महादूला विसरले. महादू वेसाव्याचा कोळी, त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. मासेमारीचा हंगाम भरात असल्याने नारळी पौर्णिमेपासून तो इकडे फिरकला नव्हता, त्यामुळे नागिणीचं त्याला काहीच माहीत नव्हतं. एका रविवारी तो पापलेटची टोपली घेऊन फाटकात आला. तिथे नेमके नंदकिशोर उभे. टोपली लांब ठेव, रावसाहेब सोवळ्यात आहेत, असं त्यांनी महादूला बजावलं.

महादूने ओटीकडे पाहिलं. मार्तंडराव अर्धवट उठले. खरं सांगावं तर सोवळं संपलं, आणि उद्यापासून नंदकिशोरांच्या थापा सुरू. ते पुन्हा खाली बसले.

"बरं, साहेब," महादू म्हणाला आणि टोपली उचलून चालू लागला.

पन्नास वर्षांत त्याने कधी साहेब म्हटलं नव्हतं. दोघं दहा वर्षांचे असताना मार्तंडच्या आईने सोवळ्यातून याच महादूला "लांब हो" म्हटलं होतं. तेव्हा मार्तंडने त्याच्यामागे नाक्यापर्यंत धावत जाऊन शपथ घेतली होती, की मी मोठा झालो की आमच्या घरात सोवळं राहणार नाही. महादूने ती खरी मानली होती. मार्तंडरावांना आता मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढचा रविवार गेला, महादू आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी मार्तंडरावांनी खुंटीवरचा सदरा काढला. अंगाची आग होईल, मुकट्यातच जा, असं वसुधाबाई म्हणाल्या. मुकट्यात गेलो तर तो तोंड बघणार नाही, ते म्हणाले. बसमध्ये कुणाचं कोपर लागेल या भीतीने ते वेसाव्यापर्यंत चालत गेले, सदरा उजवीकडून चिमटीत उचलून धरून, दात खात. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं, म्हाताऱ्याने सदऱ्यात काहीतरी लपवलंय.

महादू अंगणात जाळं सांधत बसला होता. त्याने मान वर केली नाही. "लांब बसा, साहेब. सगलं वशाट हाय, मासलीनं भरलेलं."

मार्तंडरावांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, पंचांगासकट. महादू ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "सोंगं लय येतात तुला."

मार्तंडरावांनी सदरा काढला. महादूने कातडी पाहिली. तिथे काहीच नव्हतं. त्याने जाळ्याचा एक सुटा दोरा उचलला आणि बरगडीवरून हलकेच फिरवला. मार्तंडरावांचा श्वास अडकला, त्यांनी ओसरीचा खांब धरला, कपाळावर घाम फुटला. सोंग आणता येतं, घाम आणता येत नाही, हे महादूला कळत होतं. त्याच्या हातातून दोरा गळाला.

मग तीन महिन्यांत कुणालाही न सुचलेली गोष्ट त्याने विचारली.

"डाव्या अंगाला दुखतं काय?"

"नाही रे. डावीकडे काहीच नाही."

महादूने डाव्या खांद्यावर अशी थाप मारली की मार्तंडराव मटकन खालीच बसले. मग त्याने जाळ्याची दुसरी सुई त्यांच्या हातात दिली. कोळीवाड्यात सगळे गडी उघडेच हिंडत होते, त्यात आणखी एका उघड्या म्हाताऱ्याकडे कोण बघतो? कुणी जवळून गेलं की महादू मोठ्या तोंडाने सांगायचा, हात लावू नका रं, सोवळ्यात हाय. आणि पोट धरून हसायचा.

तेवढ्यात महादूची बायको सखुबाई तळलेले बोंबील घेऊन आली. तीन हातांवर थांबली आणि गंभीर चेहरा करून म्हणाली, "सोवळ्याच्या मानसाला लांबूनच वाढू ना?"

मार्तंडरावांनी हात पुढे केला. "जवळ ये गं, सखुबाई," ते म्हणाले. "फक्त डावीकडून ये."