अनुजने आणलेली कॉफी

दिवाळीला अनुज लीड्सहून आगाशीला आला, तेव्हा बॅगेतून सगळ्यात शेवटी त्याने एक बाटली काढली. "आई, ही थंडगार करून द्यायची. तिकडे मी किराणा घेतो ना, त्याच दुकानातली आहे, स्वस्तातली. कॉफी आणि मलई. तिकडच्या आज्यासुद्धा पितात."

आज्या पितात म्हटल्यावर मी कशाला शंका घेऊ? रंग दूध घातलेल्या कॉफीचा, लेबलवर मलईचं चित्र. चष्मा शोधून बारीक अक्षर वाचण्याइतका धीर माझ्यात कधीच नव्हता. गार दूध घालून तीन ग्लास भरले आणि चकलीबरोबर पुढे ठेवले.

आमच्या यांनी, नरहरींनी, ग्लास तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला.

"पोराने एवढ्या लांबून आणलंय, तोंड काय वाकडं करता?" मी म्हटलं.

यांनी एकदा अनुजकडे पाहिलं. तो हसऱ्या तोंडाने वाट बघत होता. यांनी ग्लास एका दमात संपवला आणि म्हणाले, "चांगली आहे रे." मला तर फारच आवडली. गोड, थोडी चॉकलेटची चव, आणि मागून घशात जरा ऊब. मला वाटलं, सुंठ घातली असेल. मी दुसरा ग्लासही घेतला.

अनुज परत गेला आणि एकोणिसाव्या दिवशी तिकडे रस्ता ओलांडताना त्याला गाडीने उडवलं. अकरा दिवसांनी त्याला पेटीतून घरी आणलं. त्याबद्दल याहून जास्त मला सांगता येत नाही.

तेराव्यानंतर हे वाडीत जायचेच थांबले. केळीचे घड झाडावर पिकून वटवाघळांनी खाल्ले. हे पडवीत बसून राहायचे, ताट समोर आलं की दोन घास चिवडून सरकवायचे. मी समजावलं, रागावले, रडले. तोंडाला कुलूप ते कुलूपच.

एका दुपारी शेजारची रोवेना भाजी घेऊन आली. डबा ठेवायला तिने फ्रीज उघडला आणि म्हणाली, "प्रेमला, तू दारू कधीपासून ठेवायला लागलीस गो?"

"दारू कसली? ती अनुजची कॉफी आहे."

"अगं, नाताळात आमचा शेल्डन आणतो ही. दारूच आहे. हे बघ, सतरा टक्के लिहिलंय."

पडवीतून आवाज आला, "मला वासावरूनच कळलं होतं."

चोवीस वर्षांपूर्वी हे रोज प्यायचे, मिळेल ते. एका संध्याकाळी मी चार वर्षांच्या अनुजला यांच्यासमोर उभं केलं, यांचा हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि वदवून घेतलं, "यापुढे प्यायलो तर याचं मेलेलं तोंड बघीन." त्या दिवसापासून यांनी थेंबालाही स्पर्श केला नव्हता. लग्नं झाली, हळदी झाल्या, लोकांनी चिडवलं, तरी नाही. अनुजला यातलं काहीच आठवत नव्हतं. आणि आम्ही तरी कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

"त्याचं मन मोडवलं नाही गं," हे म्हणाले. "एवढंसं तर आहे, म्हटलं. आणि बघितलं ना मी त्याचं तोंड."

रोवेना पदराने डोळे पुसत निघून गेली.

"कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली," मी म्हटलं. यांना ते पटलं नाही. मग कुणास ठाऊक कुठून, माझ्या तोंडून निघालं, "तुमची शपथ तेव्हाच मोडली होती. अनुज बारावीला होता तेव्हा तुम्हाला न्यूमोनिया झाला होता ना? काढ्यात मी रोज ब्रँडी घालत होते. रोवेनाने दिली होती. काय झालं पोराला? बारावीला कॉलेजात पहिला आला."

हे उठले आणि तडक रोवेनाच्या दारात गेले. मी मागे धावले, पण तिला सावध करायला वेळच मिळाला नाही. माझ्या न्यूमोनियात काढ्यासाठी ब्रँडी तू दिली होतीस का, असं यांनी तिला विचारलं.

"होय नरहरीभाऊ," रोवेना पापणीही न हलवता म्हणाली. "अर्धी बाटली मीच दिली होती."

त्या संध्याकाळी यांनी ताटातला सगळा भात खाल्ला, वर ताक मागितलं. दुसऱ्या दिवशी विळा घेऊन वाडीत गेले. रोवेना कुंपणाशी येऊन हळूच म्हणाली, "कुमसाराला फादरसमोर कबूल करायला एक पाप वाढलं माझं. वाढू दे." मी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

काढ्यात ब्रँडी नव्हती. तुळस, मिरी आणि आलं होतं.

शपथेवर माझा विश्वास नाही, असं मी आता सगळ्यांना ठासून सांगते. पण ती घातली मी. तो हात लेकराच्या डोक्यावर ठेवला मी, आणि ग्लास भरून दिला तोही मीच. हे आता खातात, झोपतात, केळीला पाणी सोडतात. त्यांच्यासाठी खोटं बोलायला मी होते. माझ्यासाठी कोणी काहीही रचलं तरी मला ते पटणार नाही, कारण काढ्यात काय होतं ते मला ठाऊक आहे.