वाईटातली वाईट वही

सुलक्षणाबाईंना कारणे दाखवा नोटीस आली ती मंगळवारी, आणि तीही त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या पुराव्यावर. असा वेडेपणा जिल्हा परिषदेच्या शाळेत सहसा कुणी करत नाही. साहेब आले की काय दाखवायचं हे आपल्याकडे पहिलीतल्या पोरांनासुद्धा ठाऊक असतं. कव्हर घातलेल्या, लाल शाईने 'छान' लिहिलेल्या चार वह्या पुढे करायच्या आणि बाकीच्या कपाटात ढकलून कडी लावायची. त्या चार वह्यांवर शाळा वर्ष काढते.

सातपुड्याच्या पायथ्याच्या या चार वर्गांच्या शाळेत मात्र दोन वर्षांपासून उलटा कारभार चालला होता. शनिवारी साडेअकराला शाळा सुटली की चारही शिक्षक ओसरीवर सतरंजी टाकून बसायचे, डबे उघडायचे आणि प्रत्येकाने आपल्या वर्गातली वाईटातली वाईट वही मध्ये ठेवायची. बरी वही आणायची नाही, एवढा एकच नियम. ते पोर कुठे अडलं यावर चौघांनी डोकं लावायचं आणि ठरेल ते एका रजिस्टरात उतरवायचं.

ही खोड चौथीच्या सुलक्षणाबाईंची. त्या भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या. गाडीला उशीर झाला की कुठली मिनिटं कुठल्या खात्याच्या डोक्यावर टाकायची, यावर वडिलांच्या कचेरीत दिवसदिवस चालणारी भांडणं त्यांनी लहानपणापासून ऐकली होती. गाडी तेवढीच उशिरा पोचायची, पण प्रत्येक खातं आपले हात धुऊन मोकळं. त्या प्रकाराचा त्यांना मनापासून तिटकारा होता.

ओसरीवरच्या त्या बसण्याने पोरांचं भलं होत होतं, ज्याला मोजायचं त्याने मोजावं. पहिलीच्या सरिताबाई पाड्यावरच्याच, त्यांनी पोरांच्या घरच्या बोलीतले शब्द बाकीच्या तिघांना शिकवले. चौथीतली सहा मुलं वाचू शकत नव्हती, ती तिसरीच्या नवल सरांनी रोज तासभर आपल्या वर्गात बसवून घेतली आणि दिवाळीपर्यंत वाचती केली. दुसरीचा वर्ग आणि मुख्याध्यापकाचा कार्यभार बन्सीलाल नानांकडे होता. नानाही सतरंजीवर बसत, पण वही आणत ती मोत्यासारख्या अक्षराची. माझ्याकडे याहून वाईट नाही, मी काय करू, असं वर म्हणत. सगळ्यांना कळायचं आणि कुणी बोलायचं नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, अर्ध्या गावाला त्यांनीच अक्षरओळख करून दिलेली. अशा माणसाला काय बोलणार?

घोळ केला नवलने. पोरगा कामाचा, पण भोळा. विस्तार अधिकारी तपासणीला आले तेव्हा त्याने मोठ्या कौतुकाने ते रजिस्टरच त्यांच्या हातात ठेवलं आणि आमचं काम सवडीने वाचा म्हणून सांगितलं. साहेबांनी ते बरोबर नेलं आणि सवडीने वाचलं. एका पानावर सुलक्षणाबाईंचं अक्षर होतं: "चौथीतल्या बावीसपैकी सोळा मुलांचा भागाकार चुकतो. कारण मला कळत नाही. मदत हवी." त्यातला मदतीचा शब्द साहेबांना दिसलाच नाही. नोटिशीत आलं ते एवढंच, की वर्गशिक्षक या नात्याने आपण जबाबदार आहात, शनिवारपर्यंत खुलासा सादर करावा, अन्यथा सेवापुस्तकात नोंद घेण्यात येईल. खाली आणखी एक ओळ होती, की शनिवारची अनधिकृत बैठक तत्काळ बंद करावी.

नवलचा चेहरा पाहवत नव्हता. आपण यापुढे रजिस्टरात सगळं गोडगोड लिहू, असं तो सुचवू लागला. सुलक्षणाबाई भडकल्या. गोडगोडच लिहायचं तर कपाटाची कडी काय वाईट होती, असं त्यांनी त्याला सुनावलं, आणि मग त्याच्याच डब्यातली चटणी घेऊन भाकरी खाल्ली. रागावल्या तरी त्यांचं पोट कधी रुसत नसे.

बुधवारी त्यांनी चौथीतल्या रेशमाला फळ्याशी उभं केलं. सहाशे बाराला सहाने भाग. रेशमाने झरझर गणित केलं आणि उत्तर लिहिलं, बारा. बाईंनी विचारलं, अगं, सहाशे रुपये सहा जणांत वाटले तर एकेकाला किती? शंभर, रेशमा म्हणाली. मग सहाशे बारा वाटले तर बाराच कसे? रेशमाने गणित पुन्हा केलं, पुन्हा बाराच आले. बाईंनी एकशे दोन लिहून दाखवलं आणि मधल्या शून्यावर बोट ठेवलं.

"ते वाचायचं नसतं ना, बाई," रेशमा म्हणाली. "दुसरीत नानांनी सांगितलंय."

बाईंनी एकेका पोराला विचारलं. सोळाच्या सोळा जणांनी तेच सांगितलं. तीनशे सहा वाचताना मधलं शून्य सोडायचं, हे नाना वर्षानुवर्षं सांगत आले होते. वाचण्यापुरतं ते बरोबरच. पण जे वाचायचं नाही ते पोरांनी लिहायचंही सोडलं होतं, आणि दोन वर्षांनी ते भागाकारात येऊन पडलं होतं.

आता खुलासा एका ओळीत होत होता. दुसरीच्या शिक्षकाचं नाव लिहिलं की सुलक्षणाबाई सुटल्या. खोटं सांगायला नको, कमीजास्त करायला नको. त्या रात्रभर तळमळल्या, कारण त्यांना सुटायचं होतं. पंधरा वर्षांत सेवापुस्तकाला डाग नव्हता आणि तो लागू नये असं त्यांना फार वाटत होतं. पण नाव गेलं की ओसरीवर पुन्हा कुणी खरी वही ठेवणार नाही, हेही त्यांना स्वच्छ दिसत होतं.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत त्यांनी नानांना गाठून सगळं सांगितलं. नाना आधी हसले, मग लाल झाले. एरवी शाळेत ते पुस्तकी मराठी बोलत. रागात घरची बोली आली.

"तीस वरीस झायात माले. मना हातखाले शिकेल पोरे आज तलाठी शेतस. आते तुम्ही माले शिकाडाले लागनात का?"

"शिकवत नाही, नाना. खुलाशात तुमचं नाव येणार नाही, हा माझा शब्द. पण तुमच्यापासून लपवणारही नाही. माझी चूक मी ओसरीवर ठेवली. तुम्ही दोन वर्षांत एकदाही ठेवली नाहीत."

नाना उठले. डबा तसाच ठेवून वर्गात निघून गेले.

शनिवारी नऊला साहेब हजर झाले. मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून त्यांनी खुलासा वाचला. तो असा होता: भागाकार का चुकतो ते आम्हाला कळले आहे. दुरुस्ती आम्ही चौघे मिळून करू. चूक कोणत्या वर्गात सुरू झाली ते मी लिहून देणार नाही. ते बोलण्याची जागा आमची शनिवारची बैठक आहे, आणि ती बंद होणार नाही.

साहेब काही दुष्ट नव्हते. त्यांच्या तक्त्यात जबाबदार शिक्षकापुढे एकच रकाना होता, आणि तो भरल्याशिवाय त्यांना तालुक्याला जाता येत नव्हतं. त्यांनी समजावून पाहिलं. नाव सांगा, नाहीतर तुमचंच लिहावं लागेल, म्हणाले. नाना टेबलाच्या पलीकडे मान खाली घालून बसले होते.

"लिहा माझं," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "आणि आमचं रजिस्टर परत द्या, साहेब. साडेअकराला लागतं."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात नाना उठून बाहेर गेले. बाईंना वाईट वाटलं. निदान बसून तरी राहायचं होतं, असं मनात आलं. मग शेजारच्या चौथीच्या वर्गातून खडूचा आवाज आला.

त्या दाराशी गेल्या, मागोमाग साहेब. नानांनी फळ्यावर तीनशे सहा लिहिलं होतं.

"पोरेहो, दुसरीमा मी तुमले एक गोट आर्धीच शिकाडी," नाना म्हणाले. "मझारलं शून्य वाचू नका, इतलंच सांगं. ते तठे बठेल शे म्हनीसन तीनना तीनशे व्हतस, हाई सांगंच नही. चूक मनी शे. तुमनी नही, तुमना बाईनी बी नही. आज पयलेपासून करूत."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. नानांना त्या दारात दिसल्या.

"सुलक्षणाबाई, मांगे बसा. मी कोठे चुकनू ते थांबाडा माले."

बाई सगळ्यात मागे, रेशमाशेजारी, फरशीवर मांडी घालून बसल्या. सरिताबाई आणि नवल आपापल्या वर्गातून उठून दारात येऊन उभे राहिले होते. साहेब तक्ता हातात धरून एकदा फळ्याकडे आणि एकदा बाईंकडे पाहत होते.

"पण हा तास आहे कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"आमचा," बाई म्हणाल्या आणि सरकून शेजारी जागा केली. "बसा साहेब. अजून सोळा पोरं फळ्याशी यायची आहेत."