लाल टोपणाच्या नळीतला प्लाझ्मा

मी प्लाझ्मा बोलतोय. नळीवर चिठ्ठी मात्र सीरमची आहे, आणि त्या चिठ्ठीपायी एका माणसाचा जीव जाऊ शकतो.

माझा जन्म आज सकाळी वॉर्डात, सात नंबरच्या खाटेवर झाला. तिथे सुतारकाका आहेत, तीन दिवसांच्या जुलाबांनी पार गळून गेलेले. सिस्टरांना त्यांची शीर काही केल्या सापडेना. चौथ्यांदा टोचलं तेव्हा कुठे जांभळ्या टोपणाची नळी भरली. लाल टोपणाच्या नळीत जेमतेम चार थेंब. काकांची लेक रडकुंडीला येऊन म्हणाली, "सिस्टर, आता नका ना टोचू. हात बघा त्यांचा."

सिस्टरांनाही दया आली. त्यांनी जांभळ्या नळीतलं अर्धं रक्त लाल नळीत ओतलं. माणूस एकच, रक्त एकच, मग काय बिघडलं, असं त्यांना वाटलं असणार.

तिथेच घात झाला. लाल नळीत अर्धा तास ठेवलेलं रक्त गोठतं, गोठवणारी प्रथिनं गुठळीत खर्ची पडतात, आणि यंत्रात फिरवल्यावर वर जे पिवळसर पाणी उरतं ते सीरम. जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं. तिथे वर राहतो तो प्लाझ्मा, म्हणजे मी. ती प्रथिनं माझ्यात अजून शाबूत आहेत. दिसायला आम्ही सख्खे भाऊ. पण त्या औषधातच पोटॅशियम असतं हो!

काकांच्या अंगातलं पोटॅशियम जुलाबांनी पार तळाला गेलंय. यंत्राने माझ्यात मोजलं ते भलतंच जास्त. टेक्निशियनने घाईघाईने वॉर्डात कळवलं, आणि ते उतरवायचं इंजेक्शन भरतोय, असं तिकडून उत्तर आलं. अहो, जे मुळातच उरलेलं नाही ते आणखी काय उतरवणार? त्यांचं हृदय बंद पडेल. मी जिवाच्या आकांताने ओरडतोय, पण मला तोंड कुठाय?

आत्ता लॅबच्या मॅडमनी आकडे पाहिले. कॅल्शियम जवळजवळ शून्य, जिवंत माणसात असूच शकत नाही इतकं कमी. तेही त्या औषधानेच गिळलंय. मॅडम चमकल्या. त्यांनी नळी उचलून तिरकी केली. तळातलं लाल घसरलं. गुठळी असती तर जागची हलली नसती.

"हे तर गोठलंच नाही," म्हणत त्यांनी फोन ओढला.

मला खुशाल कचऱ्यात फेका, माझी काही तक्रार नाही. फक्त वॉर्डातल्या कुणीतरी हातातली सिरिंज खाली ठेवा आणि तो फोन उचला. केव्हाचा वाजतोय.