आईला गाडी लागते

आमच्या घरात दोन गोष्टी सगळ्यांना पाठ होत्या. एक, अण्णांची अरिंजय कधी बंद पडत नाही. दोन, आईला गाडी लागते. या दोन्ही गोष्टी एकाच सकाळी, एका वाक्यात खोट्या ठरल्या, तेव्हा मी शिरा खात होतो. त्या दिवशीचा शिरा कसा झाला होता, हे मला आजही सांगता येत नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील, अण्णासो मगदूम. शाहूपुरीत आमचं पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. अरिंजय ही त्यांची गाडी, पांढरी, अठरा वर्षांपूर्वी घेतलेली. कंपनीचं नावही तेच. अरिंजय म्हणजे शत्रूंना जिंकणारा. हे नाव ऐकूनच अण्णांनी गाडी घेतली. शत्रू कोण, हे कंपनीनं सांगितलं नव्हतं आणि अण्णांनीही विचारलं नाही. तेव्हापासून लग्न असो की मयत, अण्णा एक वाक्य बोलल्याशिवाय उठत नाहीत. "अठरा वर्षं झाली, एकदा बी बंद पडली न्हाय." दरवर्षी आकडा तेवढा बदलतो.

माझी बहीण आदिती भूलतज्ज्ञ आहे. इचलकरंजीतल्या तीन हॉस्पिटलांतून तिला बोलावणं येतं, आणि आलं की पाऊण तासात पोचावं लागतं. तिकडं पेशंट टेबलावर असतो आणि ही पोचेपर्यंत सर्जन नुसते हातमोजे घालून उभे असतात. आजवर ती दुचाकीवर जायची. आता तिला गाडी घ्यायची होती, दुसऱ्या एका कंपनीची. कारण तिच्या ओळखीच्या एका डॉक्टरची अरिंजय स्वतःच्या चाकांवर कमी आणि टोइंगच्या ट्रकवर जास्त फिरते.

"त्याला चालवायला येत नसंल," अण्णा म्हणाले होते. "माझ्या दारात दुसऱ्या कंपनीची गाडी उभी ऱ्हाणार न्हाय."

तीन महिने आदितीनं वाद घातला. लोकांना भूल देणारी बाई शेवटी स्वतःच गप्प पडली. त्याच सकाळी साडेअकराला शोरूममध्ये नव्या अरिंजयचं बुकिंग ठरलं होतं.

तो दिवस क्षमावाणीचा होता. दशलक्षण पर्व संपलं की आम्ही जैन मंडळी घरोघरी जातो, हात जोडतो आणि म्हणतो, "वर्षभरात कळत-नकळत काय चुकलं असंल तर उत्तम क्षमा." समोरचाही तेच म्हणतो. मग शिरा मिळतो. ज्याच्याकडं क्षमा मागितली त्यानं रागवायचं नाही, हा नियम. क्षमेच्या वाक्यातला सगळ्यात सोयीचा शब्द म्हणजे 'असंल तर'. त्याच्या आडोशाला माणूस अख्खं वर्ष लपवू शकतो.

यंदा बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, प्रवचनात महाराजांनी नेमका तोच शब्द काढून घेतला. "असेल तर, असं म्हणू नका," ते म्हणाले. "चूक आहे. तिचं नाव घ्या." समोर चारशे माणसं बसली होती. मला वाटलं, कोण मनावर घेतंय. बायकांच्या बाजूला आई बसली होती, हे माझ्या लक्षात आलं नाही.

सकाळी नऊला अण्णा झब्बा घालून खुर्चीत बसले. पेठ वडगावहून पायगोंडामामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, आला होता आणि माझ्या शेजारी शिरा खात होता. आदिती पेपर चाळत होती. आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली आणि अण्णांसमोर हात जोडून उभी राहिली.

"अहो, उत्तम क्षमा. मला गाडी लागत न्हाय."

अण्णांनीही हात जोडले आणि खूश झाले. "बरं झालं की. सुंठीचा गुण आला म्हणायचा."

"आत्ता न्हाय. कवाच लागत नव्हती."

अण्णांचे जोडलेले हात तसेच राहिले.

"तो काटा असतोय बघा गाडीत, गरम झाल्याचा," आई म्हणाली. "तो लाल पट्टीकडं निघाला की मी तोंडाला पदर लावायची. तुम्ही गाडी बाजूला घ्यायचा. अर्धा तास मी झाडाखाली बसायची, तवर इंजिन निवायचं."

"वाडीच्या रस्त्याला?" अण्णांनी विचारलं. वाडी म्हणजे नृसिंहवाडी.

"चारदा."

"बाहुबलीच्या डोंगराला जाताना?"

"जाताना दोनदा. येताना एकदा. लागायची ती गाडीला, मला न्हाय."

मी सहा वर्षांचा असल्यापासून मागच्या सीटवर प्लास्टिकची पिशवी उघडून बसायचो. घरातलं ते माझं खातं होतं. पिशवी एकदाही वापरावी लागली नाही, याचं मला कधी नवल वाटलं नाही. मला वाटायचं, मी वेळेवर उघडतो म्हणून.

अण्णा काही बोलणार तेवढ्यात आकाराम आत आला. आकाराम आमच्या शेजारी राहतो, रिक्षा चालवतो. तो जैन नाही, पण क्षमावाणीचा शिरा त्यानं कधी चुकवलेला नाही.

"वहिनींनी सांगितलं काय?" त्यानं आईला न विचारता मला विचारलं.

"काय?" मी म्हणालो.

"मग मी सांगतो. अण्णा, तुमची गाडी रात्रभर उभी ऱ्हायली की सकाळी सुरू होत न्हाय. मी पहाटं साडेपाचला जादा बॅटरी घिऊन येतो, तिला सुरू करतो, धा मिनिटं तापवतो आणि जातो. सातला तुम्ही चावी फिरवताय तवा ती तयारच असती. नऊ वर्षं झाली."

अण्णा रोज सकाळी सातला गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायचे, 'एका झटक्यात.' गल्ली ऐकून घ्यायची. गल्लीला माहीत होतं, हे मला आत्ता कळत होतं.

"रविवारी बी?" अण्णांनी विचारलं.

"रविवारी सा वाजता. जरा झोपतो मी."

आईनं त्याच्या हातात शिऱ्याची ताटली दिली. आदितीनं पेपर खाली ठेवला होता. तिचा चेहरा पेशंट अचानक उठून बसल्यावर होईल तसा झाला होता.

मग नागसेन आला. उद्यमनगरात त्याचं गॅरेज आहे. आठवड्यातले सहा दिवस त्याच्या दारात गाड्यांची रांग असते. अण्णा सगळ्यांना सांगायचे की, नागसेनकडं मी फक्त हवा बघायला जातो. नागसेन चपला काढून आत आला, बसला, आणि हात न जोडता म्हणाला, "अण्णा, मी क्षमा मागायला आलो न्हाय. मी काम केलंय आणि चोख केलंय. पण काकू म्हणाल्या, आज सगळं सांगायचंय. म्हणून सांगायला आलोय."

"हवेचंच हाय न्हवं?" अण्णांनी आशेनं विचारलं.

"हवेचं न्हाय. पर्वाचे धा दिवस तुम्ही वाहन सोडताय, अनवाणी बस्तीला जाताय. ते धा दिवस गाडी माझ्याकडं असती."

"ती कव्हर घालून दारात असती."

"कव्हराखाली चार पिंपं आणि एक शिडी असती."

मी ताटली खाली ठेवली. पर्वाच्या दहा दिवसांत त्या कव्हरला टेकून मी तासन्‌तास फोनवर बोललोय. एकदा मला वाटलंही होतं की गाडी पोकळ लागतेय. पण माणूस फोनवर असला की असल्या गोष्टींचा पाठपुरावा करत नाही.

"धा दिवसांत काय हुतंय?" अण्णा म्हणाले.

"पुष्कळ हुतंय. चौदा साली इंजिन बदललं. सतराला गिअरबॉक्स. पुढचे दोन्ही दरवाजे करोनात."

"इंजिन कुठलं घातलंस?"

नागसेननं नाव सांगितलं. आदिती जिची गाडी मागत होती, तीच कंपनी. म्हणजे अण्णांच्या दारात दुसऱ्या कंपनीची गाडी अकरा वर्षं उभी होती, फक्त आतून.

आकारामचा चमचा ताटलीत वाजला.

"मग अरिंजयचं काय ऱ्हायलंय?" अण्णांनी विचारलं.

नागसेननं खरंच आठवून बघितलं. "हॉर्न. आणि मागचा डावा दरवाजा. दरवाजा चांगला हाय तो."

अण्णांनी आईकडं बघितलं. त्या दिवशी रागवायचं नसतं, आणि अण्णा नियमाचे पक्के. त्यामुळं त्यांच्या चेहऱ्याला कुठं जावं ते कळेना. "का?" एवढंच ते म्हणाले.

आई खाली बसली. "तुम्ही कशाचं कौतुक करत न्हाईसा. पोरांचं न्हाय, दुकानाचं न्हाय, माझ्या हातच्या कशाचं बी न्हाय. त्या गाडीचं तेवढं करायचा. त्या वेळी माणसागत दिसायचा. मला वाटलं, ते एवढं एक तरी चालू ऱ्हाऊ दे."

आईला एवढं सलग बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. गाडीत तर ती पदराआड असायची.

तेवढ्यात आदितीचा फोन वाजला. ती उठून दाराशी गेली, दोन वाक्यं ऐकली आणि पिशवी उचलली. "इचलकरंजीला सिझेरियन आहे, तातडीचं. बाळाचे ठोके उतरायला लागलेत." तिनं खुंटीवरचं हेल्मेट काढलं.

अण्णा सवयीनं उठले. खिशातून चावी काढून त्यांनी तिच्यापुढं धरली. "दुचाकीवर नको. ही घिऊन जा. ही कधी..."

वाक्य तिथं थांबलं. आयुष्यात पहिल्यांदा ते पुरं झालं नाही. आम्ही सगळे चावीकडं बघत होतो.

अण्णांनी नागसेनला विचारलं, "पोचंल का रे?"

"आज बहुतेक पोचंल."

"मी पेशंटला बहुतेक भूल देत नाही, अण्णा," आदिती म्हणाली.

अण्णा आईकडं वळले. "हिला धाडू काय?"

"न्हाय," आई म्हणाली.

अठरा वर्षांत त्या गाडीबद्दल तिनं दिलेलं हे पहिलं मत. अण्णांनी चावी टेबलावर ठेवली, आणि मग त्यांना दारातली दुसरी अरिंजय आठवली. पायगोंडामामाची. मामानं अण्णांच्या शब्दावरच घेतलेली, चंदेरी, बोनेटवर कंपनीच्या चिन्हाची ढाल.

"पायगोंडा, तुझी तर दोन वर्षांचीच हाय. ती नेऊ दे."

"नेऊ दे की, दाजी," मामा म्हणाला, पण जागचा उठला नाही. "खरं, त्याआधी उत्तम क्षमा."

आदितीनं घड्याळ बघितलं. "मामा, लवकर क्षमा माग."

"ती अरिंजय न्हाय. अरिंजय मी आठ महिन्यांत विकली. ही दुसऱ्या कंपनीची हाय. तुमच्याकडं यायचं असलं की नागसेनकडनं ढाल चिकटवून घेतो."

सगळ्यांनी नागसेनकडं बघितलं.

"डिंकानं," नागसेन म्हणाला. "परत जाताना निघती."

"गाडी कशी हाय?" अण्णांनी विचारलं. त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की मला ओठ बघून कळलं.

"चांगली हाय, दाजी. काय सांगू. कटाळा यावा इतकी चांगली हाय."

"मग बसलाईस कशाला? पोरगीला घिऊन जा."

मामा आदितीला घेऊन सुटला. खिडकीतून आम्ही बघत होतो. गल्लीच्या वळणावर ढाल निघून रस्त्यावर पडली. मामा थांबला नाही.

अकरा वाजता अण्णांनी शोरूमला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. कदाचित आता काहीच झाकून ठेवायचं नाही म्हणून. पलीकडं आदर्श होता, तिथला सेल्समन, आमच्याच बस्तीतला पोरगा.

"काका, पेढे आलेत. तुमच्या फोटोला हार पण घातलाय."

शोरूमच्या भिंतीवर अण्णांचा मोठा फोटो आहे. खाली लिहिलंय, 'अठरा वर्षं, एकच विश्वास.'

"हार काढ," अण्णा म्हणाले. "फोटो बी काढ. उत्तम क्षमा. गाडी नको."

पलीकडं दार लावल्याचा आवाज आला आणि आदर्श हळू आवाजात म्हणाला, "काका, मी बी काल प्रवचनाला होतो. तुम्हीच विषय काढलाय म्हणून सांगतो. आमचे साहेब स्वतः दुसऱ्या कंपनीची चालवतात. मागच्या गल्लीत लावतात."

"तू?"

"मी बसनं येतो, काका. ड्यूटीवर वेळेत यायला लागतं."

अण्णांनी फोन ठेवला. पुढचा पाऊण तास ते दाराबाहेर जाऊन अरिंजयच्या मागच्या डाव्या दरवाज्याजवळ उभे राहिले. दरवाजा उघडायचे, लावायचे. चांगला आवाज येत होता त्याला. नागसेन शेजारी उभा राहिला.

पावणेबाराला आदितीचा फोन आला. एकोणचाळीस मिनिटांत पोचली होती. मुलगी झाली, उशिरा रडली, पण रडली. आई भिंतीला टेकली आणि डोळे मिटून बसली. मला वाटलं, तिला खरंच काहीतरी होतंय. पिशवी शोधायला मी उठलोसुद्धा.

अण्णांनी माझ्या हातातून फोन घेतला. "आदिती, तुला पाहिजे ती घे. कंपनीचं नाव लिहून धाड. मला नीट म्हणाया येत न्हाय."

"तुम्हाला चालेल, अण्णा?"

"चालंल. खरं चांगली हाय असं मी कुणाला सांगणार न्हाय. एक शब्द बोलणार न्हाय."

"नका बोलू," आई डोळे न उघडता म्हणाली. "तुम्ही बोललासा की आम्हाला काम लागतंय."