गोंद सुकायच्या आत

गाण्यांच्या तबकड्या कापणाऱ्या काकांनी भिंगातून चाचणीची तबकडी न्याहाळली आणि भिंग डोळ्यावरून न काढताच निकाल दिला. "पहिली बाजू फक्कड. दुसरीही कापून देईन, पण ती कुजबुजेल."

पहिल्या बाजूवर सात गाणी होती, दोन-अडीच मिनिटांची, दार न वाजवता घरात घुसणारी, अस्सल पंक. दुसऱ्या बाजूवर एकच गाणं, चोवीस मिनिटांचं. त्यात चाल बदलायची, ताल बदलायचा, गेलेली धून वळसा घालून परत यायची. प्रोग्रेसिव्ह रॉकचा सगळा सरंजाम होता त्यात. पहिल्याच अल्बममध्ये हे दोन्ही कोंबणं म्हणजे मस्ती आहे, असं चार लोक म्हणाले होते. मस्ती होतीच. बँडमधल्या तिघांनाही ती मान्य होती.

"कुजबुजेल म्हणजे?" ड्रम वाजवणाऱ्या मुलीने विचारलं. ती सुताराची लेक. दिवसा बाबांच्या कारखान्यात लाकडाला पॉलिश करायची आणि संध्याकाळी ड्रम बडवायची, म्हणून बँडमध्ये तिचं नाव हातोडी.

"बाजू लांब झाली की तबकडीवरचे चर दाटीने बसवावे लागतात," काका म्हणाले. "आणि दाटीत बसायचं तर आवाजाला अंग चोरावं लागतं. अठरा मिनिटांत आणा, भिंती हलवून देतो. उद्या सकाळी दहाला मशीन लावतोय."

अठरा. म्हणजे सहा मिनिटं जास्त. हातोडीने लगेच हिशेब केला. गाण्याचा मधला तुकडा नेमका सहा मिनिटांचा होता आणि तो तिचा होता. अख्ख्या अल्बममध्ये तिने स्वतः रचलेलं तेवढंच. सात मात्रांचा ताल, त्यावर नुसते ड्रम, आणि मग हळूहळू बाकीचे दोघे आत येतात.

बाहेर रस्त्यावर येताच गिटारवाल्या आतेभावाने तोंड उघडलं. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा आणि त्याला जगातली प्रत्येक गोष्ट घासून लहान करायची हौस होती. "अगं हातोडे, राग मानू नकोस. पण मधलं काढलं तर बरोब्बर अठरा होतात."

"तुझा सोलो काढ ना."

"तो चाळीस सेकंदांचा आहे!"

"वाजवताना तर संपता संपत नाही."

तिसरे होते मास्तर. शाळेत गणित शिकवायचे आणि बेस वाजवायचे. लांब गाण्याचा हट्ट मूळचा त्यांचा, पण आता ते बोटांवर मिनिटं मोजत होते. रेकॉर्डिंगचा स्टुडिओ संध्याकाळपर्यंत तिघांच्या ताब्यात होता. काय कापायचं ते दुपारी फोनवर ठरवू, म्हणून तिघं पांगले.

हातोडी कारखान्यात आली तेव्हा बाबा स्टुलाचे पाय बसवत होते. कानात कापूस. करवतीच्या मशीनपायी तो कापूस गेली वीस वर्षं सकाळी आत जायचा आणि संध्याकाळी बाहेर यायचा. बँडची तालीम याच कारखान्यात, मागच्या फळ्यांच्या आडोशाला व्हायची, आणि बाबांनी कधी हू की चू केलं नव्हतं. ऐकू आलं तर करतील ना! फरशी थरथरली की गाणं सुरू आणि थांबली की संपलं, एवढाच त्यांचा संगीताशी संबंध. त्याचाही त्यांनी उपयोग करून घेतला होता. लांबलचक गाणं सुरू झालं की सांध्याला गोंद लावून शिकंजा आवळायचा, संपलं की सांध्यातून बाहेर आलेला गोंद पटाशीने खरवडायचा. घड्याळ बघायची कटकट नाही.

तिने मोठ्या स्पीकरवर स्टुडिओतलं रेकॉर्डिंग लावलं. कापायचंच तर आपल्या कानांनी एकदा धड ऐकून कापू, एवढाच हेतू. फरशी थरथरली. बाबांनी सवयीने गोंद लावला, शिकंजा आवळला.

मधला तुकडा आला आणि ती रडायच्या बेतात आली. तो वाईट नव्हताच. पण चालत होता कसा, नवे बूट घालून पाहुण्यांकडे निघाल्यासारखा.

गाणं संपलं. बाबांनी पटाशी घेतली, गोंद खरवडायला गेले आणि थबकले. नखाने गोंद दाबून पाहिला. मग एका कानातला कापूस काढला.

"काय गं, गाणं लांबवलंत का तुम्ही?"

"नाही तर. तेच आहे."

"तेच कसं असेल? तुमचं संपतं तेव्हा गोंद रबरासारखा असतो, सालीसारखा निघतो. आज बघ, दगड झालाय. दोन महिन्यांत एकदाही असं झालं नाही."

हातोडी त्या गोंदाकडे बघतच राहिली. मग तिने मोबाइलमध्ये तालमीचं जुनं रेकॉर्डिंग शोधलं. तेच गाणं, त्याच जागा, तोच मधला तुकडा. अठरा मिनिटं आणि पाच सेकंद.

तिने आतेभावाला फोन लावला. "काही कापायचं नाही. आपण घाबरून वाजवलंय."

"कोण घाबरलं?"

"आपण तिघं! स्टुडिओत गेलो, काच बघितली, गालिचा बघितला आणि शहाण्यासारखे वागायला लागलो. मास्तरांनी ताल धरायला सगळ्यांच्या कानात ते टिकटिक यंत्र लावलं, आणि चूक नको म्हणून वेग कमी ठेवला. इथे आपण गाणं असं वाजवतो का? चार वाजता स्टुडिओत ये. नवीन तारा आण."

फोन ठेवून ती बाबांकडे वळली. "तुम्हीही चला. एक स्टूल घ्या, गोंद घ्या, शिकंजा घ्या."

"मी काय घड्याळ आहे?"

"या बँडमधलं एकमेव चालू घड्याळ."

बाबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं, पण त्यांनी ते दाखवलं नाही. पिशवी मात्र लगेच भरली.

स्टुडिओत मास्तर कुरकुरले. टिकटिक नसली तर सातची मोजणी हुकेल, मग काय करायचं?

"मास्तर, हुकली तर माझ्याकडे बघा. मी हुकत नाही." तिने तिघांच्या कानातलं यंत्र बंद केलं. हे बोलताना तिचा आवाज जराही हलला नाही, कारण ते खरं होतं आणि तिला ते आज पहिल्यांदाच पक्कं कळलं होतं.

बाबा काचेपलीकडे ध्वनिमुद्रकाशेजारी बसले, मांडीवर स्टूल. "कापूस काढा," ध्वनिमुद्रक म्हणाला आणि त्यांच्या डोक्यावर हेडफोन चढवला. हातोडीने काठ्या वर धरल्या. बाबांनी सांध्याला गोंद लावला.

आणि मग तिघांनी ते गाणं असं काही हाणलं, की पहिल्या बाजूवरची सातही गाणी त्यापुढे सभ्य वाटावीत. तरी एक मात्रा सुटली नाही. आतेभावाची तार तुटली, तो उरलेल्या पाचांवर तसाच पुढे गेला. मास्तरांच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला आणि त्यांनी तो पुसला नाही. मधल्या तुकड्यात हातोडी एकटी राहिली तेव्हा तिने काचेकडे पाहिलंही नाही. तीन छोटे ठोके, दोन लांब, तीन छोटे, दोन लांब. एकेका फेरीत बाकीचे आत आले आणि सगळं मिळून शेवटाकडे धावलं.

शेवटचा ठोका. झांज तिने हाताने धरून गप्प केली.

"सतरा मिनिटं पन्नास," ध्वनिमुद्रक म्हणाला. आतेभाऊ जमिनीवर आडवा झाला. मास्तर हसत सुटले. काकांना फोन गेला. त्यांनी एवढंच म्हटलं, "मग शेजाऱ्यांना सांगून ठेवा."

हातोडी काचेपलीकडे गेली. "बाबा, गोंद कसा आहे? रबर का दगड?"

बाबांच्या एका हातात स्टूल होतं, दुसऱ्या हातात त्याचा पाय. दोन्हींवर गोंद वाळून त्याची पापडी झाली होती. शिकंजा पिशवीतून बाहेरच आला नव्हता. तीस वर्षांच्या सुतारकामात या माणसाने एक सांधा वाया घालवला नव्हता.

"अहो मामा, हे काय?" आतेभावाने आडव्यानेच विचारलं.

बाबांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ते लेकीकडे बघत होते. "ते मधलं," ते म्हणाले. "तीन छोटे, दोन लांब. माझा रंधा आहे ना तो?"

"हो. लहानपणापासून ऐकतेय."

बाबांनी मान हलवली. हेडफोन काढला नाही. मग खिशातून पटाशी काढून वाळलेला गोंद खरवडायला घेतला आणि ध्वनिमुद्रकाला म्हणाले, "परत लावा ते गाणं. मला गोंद नव्याने लावायचाय."