व्हर्लीनची पेटी

पेटी विद्यापीठाला दिली की व्हर्लीनला काय मिळणार, ते मी आधीच मोजून ठेवलं होतं: भिंतीवर नाव, अध्यक्षांबरोबर जेवण आणि आवारात गाडी लावायला कायमची जागा. ही जागा तर तिथल्या प्राध्यापकांनाही मिळत नाही.

एकोणसत्तर सालच्या अमेरिकेत, इंजिनिअरिंगच्या आमच्या वर्गात काळे आम्ही चारच. गोऱ्या मुलांच्या क्लबांत जुन्या सोडवलेल्या पेपरांनी कपाटं भरलेली असत, आणि त्या क्लबांत आम्हाला प्रवेश नव्हता. म्हणून व्हर्लीननं भावाची लष्करातली पत्र्याची पेटी आणून काळ्या विद्यार्थ्यांच्या संघटनेच्या खोलीत ठेवली. नियम एकच: पेपर न्यायचा तर आपला एक टाकायचा, नाव-गावासकट. नापास झालेलाही चालेल. उलट त्याला मागणी जास्त, चुका कुठं होतात ते कळायचं. तेव्हापासून मुलं नेत राहिली, टाकत राहिली. आमचा इतिहास असा त्या पेटीत साचला.

आता विद्यापीठाच्या अभिलेखागाराचे प्रमुख व्हिटकम यांना तो हवा होता. सह्या करायला बसलो तेव्हा त्यांनी थंड खोली, काचेचं कपाट, पांढरे हातमोजे असं सगळं कौतुकानं सांगितलं. व्हर्लीननं पेन उघडलं आणि विचारलं, परीक्षेच्या आदल्या दिवशी एखाद्या मुलीला थर्मोडायनॅमिक्सचा पेपर हवा असला तर? अर्ज करावा लागेल, ते म्हणाले. मूळ कागद बाहेर जाणार नाही, नवीन आत येणार नाही.

"म्हणजे पेटीला पुरून टाकणार," व्हर्लीन म्हणाली. "हातमोजे घालून."

"बाई, कागद जीर्ण होताहेत."

"मीही होतेय. मला ठेवता का कपाटात?"

मी टेबलाखालून तिला पायानं डिवचलं. तिनं पाय बाजूला घेतला आणि पेन बंद केलं. पेटी मुलांच्या खोलीतच राहील, तुमच्या माणसांनी तिथं येऊन प्रती काढाव्यात, फाटलेलं सांधावं, असं तिनं सांगून टाकलं. "आणि प्रत नेणं म्हणजे नेणंच. नियम तुम्हालाही लागू, व्हिटकमसाहेब."

"मी इतिहासाचा माणूस. पहिल्या वर्षी गणितात मी तर..."

"नापास ना? तोच आणा."

भिंत, जेवण आणि जागा तिथंच बुडाली. पण पुढच्या मंगळवारी व्हिटकम खरंच पेपर घेऊन आले. शंभरात तेवीस, वर नाव, गाव, सगळं. दुपारपर्यंत पहिल्या वर्षाची एक मुलगी तो घेऊन गेली आणि स्वतःचा एकतीसवाला टाकून गेली.

पेटीची किंमत म्हणून व्हिटकमनी इभ्रत मोजली, व्हर्लीननं भिंतीवरचा मान. ती गाडी चालवत नाही. दर आठवड्याला तिला पेटीपाशी मी सोडतो. म्हणून पार्किंगचे पैसे मोजतो मी.